ड्राइव्ह एकाकडे, नंबर दुसऱ्याकडे

तपासनीस : म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ड्राइव्ह या इमारतीतून बाहेर पडतो.

मॅडम : साडेपाचला. सीलबंद पाऊचमध्ये.

तपासनीस : कोणाबरोबर?

मॅडम : स्टोअरकीपरबरोबर. हे शेजारी बसलेत ते.

स्टोअरकीपर : नमस्कार.

तपासनीस : आपला नमस्कार सकाळीच झालाय. आणि ड्राइव्ह उघडायचा नंबर?

मॅडम : माझ्याकडे. डोक्यात. शिवाय एका बंद पाकिटात, पण तो तुमच्या फॉर्मातला तेरावा रकाना आहे. आपण अजून सहाव्यावर आहोत.

तपासनीस : बरोबर. तुम्ही स्वतः किती वाजता निघता?

मॅडम : साडेपाचला.

तपासनीस : कशाने?

मॅडम : स्कूटरने.

तपासनीस : आणि स्टोअरकीपर?

स्टोअरकीपर : त्याच स्कूटरने. चालवतो मी.

तपासनीस : म्हणजे त्या वेळी ड्राइव्ह…

स्टोअरकीपर : पुढे. हुकाला पिशवी असते, तिच्यात.

तपासनीस : आणि नंबर?

स्टोअरकीपर : मागच्या सीटवर.

तपासनीस : मॅडम, पुढचा प्रश्न फॉर्मात नाही, पण विचारतो. हे तुम्हाला कुठे सोडतात?

मॅडम : घरी.

तपासनीस : आणि मग हे कुठे जातात?

मॅडम : घरी. आमचं लग्न झालेलं आहे.

तपासनीस : कधी?

मॅडम : आठ वर्षं झाली.

तपासनीस : कलम सात वाचू?

मॅडम : पाठ आहे. ‘ड्राइव्ह बाळगणारी व्यक्ती आणि नंबर बाळगणारी व्यक्ती एका छताखाली राहणाऱ्या नसाव्यात.’ त्याखाली दोघांच्या सह्या आहेत. सह्या केल्या तेव्हा दोन छतं होती. मी होस्टेलवर राहत होते.

स्टोअरकीपर : आणि मी पुलापलीकडे. म्हणून तर ड्राइव्ह माझ्याकडे दिला होता साहेब. कार्यशाळेला आग लागली, पाणी शिरलं, तरी पुलापलीकडे काही होणार नाही, असं सरांचं म्हणणं होतं.

तपासनीस : सर म्हणजे मालक?

स्टोअरकीपर : मालक. आम्ही सरच म्हणतो. आता काचेपलीकडे फोनवर आहेत ते. सकाळपासून तोच फोन चालू आहे. तुम्ही जाईपर्यंत चालेल.

तपासनीस : लग्नाची माहिती आम्हाला, म्हणजे हॉस्पिटलला, दिली होती?

मॅडम : तुमच्या आधीचे तपासनीस लग्नाला आले होते.

तपासनीस : त्यांनी तशी नोंद केलेली दिसत नाही.

मॅडम : त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं.

तपासनीस : घड्याळ फाइलमध्ये नाही.

स्टोअरकीपर : घरी आहे. पाच मिनिटं पुढे जातं, पण चालतं.

तपासनीस : ठीक. सहावा रकाना. ड्राइव्हमध्ये काय आहे ते मला माहीत आहे, तरी तुमच्या शब्दांत लिहायचं आहे.

मॅडम : आम्ही कृत्रिम पाय बनवतो. पायाचा जो भाग उरलेला असतो तो ज्या खोबणीत बसतो, ती खोबण प्रत्येकाची वेगळी. आम्ही माप घेतो, यंत्राने घेतलेलं ते माप सर्व्हरवर राहतं. चार हजार तीनशे बारा माणसं आहेत. माप, नाव, पत्ता, पाय कशाने गेला त्याची माहिती. दर शुक्रवारी सगळ्याची नक्कल ड्राइव्हवर उतरते. दोन ड्राइव्ह आहेत, एक इथे, एक घरी. दर शुक्रवारी अदलाबदल.

तपासनीस : आणि सर्व्हर बंद पडला तर?

मॅडम : ड्राइव्हवरून परत भरायचं. दर तीन महिन्यांनी भरून बघते. मागच्या वेळी चार हजार तीनशे बारा माणसांपैकी चार हजार तीनशे बारा आली.

तपासनीस : ड्राइव्ह चोरीला गेला तर?

मॅडम : चोराला आठ आकड्यांचा नंबर लागेल. ड्राइव्हवरच बटणं आहेत, फोनसारखी. नंबराशिवाय आतलं सगळं निरर्थक अक्षरं. आणि दहा वेळा चुकीचा नंबर दाबला की ड्राइव्ह स्वतःच सगळं पुसून टाकतो.

तपासनीस : दहा वेळा.

मॅडम : ओळीने दहा. मधे एकदा बरोबर नंबर पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तपासनीस : तुम्ही नंबर दाबता तेव्हा हे कुठे असतात?

स्टोअरकीपर : दारात. तोंड स्टोअरकडे करून. आवाज ऐकू येतात, पण सगळी बटणं सारखीच वाजतात.

तपासनीस : तुमच्या ते लक्षात आलंय.

स्टोअरकीपर : चारशे शुक्रवार उभा आहे साहेब. माणूस काहीतरी ऐकणारच.

तपासनीस : आता मी स्पष्ट विचारतो, कारण या उत्तरावर बरंच अवलंबून आहे. कलम सात मोडलं असं मी लिहिलं, तर हॉस्पिटल सहा महिने इथे एकही नवा रुग्ण पाठवणार नाही. तो नियम माझा नाही.

मॅडम : आमचं निम्म्याहून जास्त काम हॉस्पिटलचं आहे.

तपासनीस : माहीत आहे.

मॅडम : एकोणीस माणसं आहेत. सहा महिने कोणीच बसवून पगार देत नाही. पहिल्यांदा ओतकाम करणारे दोघे जातील, मग चामडं कापणारे काका. आणि जुने रुग्ण दर दोन वर्षांनी खोबण बदलायला येतात, त्यांना माणसंच भेटणार नाहीत. विचारा.

तपासनीस : आठ वर्षांत यांनी तुम्हाला नंबर विचारला?

मॅडम : नाही.

तपासनीस : सहज? जेवताना?

मॅडम : नाही.

तपासनीस : भांडणात?

मॅडम : भांडणात जास्त करून बिलाची तारीख विचारतात.

तपासनीस : आणि तुम्ही आपणहून कधी सांगितला?

मॅडम : नाही.

तपासनीस : स्टोअरकीपर, एका घरात आठ वर्षं. बायकोच्या डोक्यात एक नंबर आहे, आणि तो ज्याला लागतो ती वस्तू तुमच्या कपाटात आहे. कधी विचारावंसं वाटलं नाही?

स्टोअरकीपर : मी फारसं विचारतच नाही साहेब. विचारलं की काम लागतं.

तपासनीस : हे मी कसं लिहू? ‘नवऱ्याने आठ वर्षं विचारलं नाही, बायकोने आठ वर्षं सांगितलं नाही.’ पुरावा काय?

मॅडम : माझा शब्द.

तपासनीस : फॉर्मात शब्दाला रकाना नाही. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. माझ्या घरी मागच्या वर्षी वायफायचा पासवर्ड बदलला, तो मला सहा महिने कळला नव्हता. मी शेजाऱ्यांचं वापरत होतो.

स्टोअरकीपर : हे लिहायचंय का?

तपासनीस : हे लिहायचं नाही. बारावा रकाना. ‘नंबर बाळगणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणीही ड्राइव्ह उघडण्याचा प्रयत्न केलेला नाही.’ मॅडम, इथे सही.

मॅडम : केली.

तपासनीस : न वाचता?

मॅडम : कालच वाचला होता. तुम्ही कोरा फॉर्म ईमेलने पाठवला होता.

तपासनीस : आता दोन्ही ड्राइव्ह, घरून मागवलेलाही, माझ्या लॅपटॉपला लावा. नंबर टाका. मी खिडकीकडे बघतो. स्टोअरकीपर?

स्टोअरकीपर : मी दारात गेलोय.

मॅडम : झालं.

तपासनीस : ड्राइव्हच्या आत एक नोंदवही असते. कधी उघडला, कधी चुकीचा नंबर पडला, सगळं तारीखवार. ती फक्त आमच्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते. तुम्हाला कल्पना असेल.

मॅडम : असते हे माहीत होतं. बघितलेली नाही. मला ती दिसत नाही.

तपासनीस : पहिला ड्राइव्ह. तीन वर्षं. चुकीचे प्रयत्न, शून्य. हे मी क्वचित बघतो. माझा स्वतःचा अंगठा महिन्यातून एकदा तरी घसरतो.

मॅडम : मी बोट वापरते.

तपासनीस : दुसरा ड्राइव्ह. चुकीचे प्रयत्न, तीन.

मॅडम : नाही.

तपासनीस : तीन आहेत. एकाच दिवशी.

मॅडम : तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल.

तपासनीस : मागच्या वर्षीची नऊ तारीख, स्पष्ट नोंद आहे. मंगळवार. दुपारी चार दहा, चार तेरा, चार एकोणीस. मंगळवारी बॅकअप नसतो.

मॅडम : नसतो.

तपासनीस : मग तुम्ही मंगळवारी कशासाठी उघडत होता?

मॅडम : महिना कोणता म्हणालात?

तपासनीस : मार्च.

मॅडम : नऊ मार्चला दुपारी चार दहाला मी ऑपरेशन टेबलावर होते. डॉक्टर पोटातली गाठ काढत होते. दोन वाजता आत घेतलं, साडेचारला बाहेर आणलं. डिस्चार्ज कार्ड आहे माझ्याकडे, वेळ लिहिलेली आहे. पुढचे दोन शुक्रवार बॅकअप झालेला नाही, ते रजिस्टरात लाल शाईने आहे.

तपासनीस : त्या मंगळवारी हा ड्राइव्ह कुठे होता?

मॅडम : रजिस्टर बघा.

तपासनीस : बघतोय. ‘घरी.’ कपाटाच्या चाव्या किती?

मॅडम : दोन. एक माझ्या पर्समध्ये. पर्स ऑपरेशनच्या वेळी नर्सकडे जमा होती, त्याची पावती आहे.

तपासनीस : आणि दुसरी?

मॅडम : स्टोअरकीपर.

स्टोअरकीपर : हो.

मॅडम : मी काही विचारलेलं नाही अजून.

स्टोअरकीपर : तरी हो. मीच.

तपासनीस : बसा. उभ्याने नको. म्हणजे मॅडमनी आत्ता केलेली बाराव्या रकान्यातली सही…

स्टोअरकीपर : त्यांची सही बरोबर आहे साहेब. त्यांना माहीत नव्हतं. माझी चूक आहे, माझ्या नावावर लिहा. मी स्टोअर सोडतो, हवं तर.

मॅडम : कोणी विचारलंय तुला स्टोअर सोड म्हणून?

तपासनीस : मॅडम, एक मिनिट.

मॅडम : मी टेबलावर होते आणि तू घरी बटणं दाबत होतास?

स्टोअरकीपर : सरांचा फोन आला होता.

तपासनीस : यांचा? काचेपलीकडच्या?

स्टोअरकीपर : पावणेचारला. कसं आहे म्हणाले, म्हटलं आत आहे. काळजी करू नका म्हणाले, सगळं नीट होईल. मग म्हणाले, पण समजा, ते नंबराचं काय? मॅडमशिवाय कोणालाच माहीत नाही ना?

मॅडम : सरांनी असं विचारलं?

स्टोअरकीपर : वाईट हेतूने नाही. ते जसं विचारतात तसं. डिझेल किती उरलंय विचारतात, तसं.

मॅडम : तेरावा रकाना घ्या साहेब.

तपासनीस : घेतो. ‘नंबर बाळगणारी व्यक्ती अनुपस्थित असल्यास पर्यायी व्यवस्था.’

मॅडम : बंद पाकीट. लाखेचं सील. सरांच्या कपाटात, वरच्या खणात, डाव्या कोपऱ्यात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सरांच्या हातात दिलं. पोच घेतली. ही पोच.

तपासनीस : सही मालकांचीच आहे.

स्टोअरकीपर : मला हे माहीत नव्हतं.

मॅडम : तुला माहीत असायचंच नव्हतं. ड्राइव्ह तुझ्याकडे होता.

स्टोअरकीपर : सरांना तर माहीत होतं.

मॅडम : सर सही करताना बघत नाहीत. तू ‘कर्मचाऱ्यांच्या चपला’ नावाची फाइल पुढे केलीस तरी सही करतील.

तपासनीस : आवाज थोडा कमी. काच पातळ आहे. स्टोअरकीपर, तुम्ही कोणते आकडे दाबले ते ड्राइव्ह साठवत नाही. पण रकाना आहे. सांगावं लागेल.

स्टोअरकीपर : सगळे?

तपासनीस : तिन्ही.

स्टोअरकीपर : पहिली आमच्या लग्नाची तारीख. दिवस, महिना, वर्ष, आठ आकडे होतात.

तपासनीस : चार दहा. नंतर?

स्टोअरकीपर : त्यांची जन्मतारीख.

तपासनीस : चार तेरा. मग सहा मिनिटं गेली.

स्टोअरकीपर : विचार करत होतो. मग त्या इथे कामाला लागल्या ती तारीख दाबली.

तपासनीस : ती तुम्हाला पाठ आहे?

स्टोअरकीपर : स्टोअरच्या रजिस्टरात आहे. त्या दिवशी मी त्यांना खुर्ची दिली. एक खुर्ची, दोन पेनं, एक पंच मशीन. पंच मशीन अजून परत आलेलं नाही.

मॅडम : ते चालू स्थितीत आहे आणि वापरात आहे.

तपासनीस : आणि चौथा प्रयत्न?

स्टोअरकीपर : केला नाही.

तपासनीस : का? सात उरले होते.

स्टोअरकीपर : सातच उरले होते म्हणून.

तपासनीस : हं. मला जरा लिहू द्या.

मॅडम : काय लिहिताय?

तपासनीस : लिहून झालं की सांगतो.

मॅडम : ‘मोडलं’ लिहिणार असाल तर माझ्याही नावावर लिहा. लग्नानंतर फॉर्म बदलायला हवा होता, तो मी बदलला नाही. इथली सगळी कागदपत्रं माझ्याकडे असतात. यांच्याकडे नट-बोल्ट असतात.

तपासनीस : मॅडम, मी अठरा वर्षं हे काम करतोय. ड्राइव्ह एकाकडे आणि नंबर दुसऱ्याकडे असं लिहिलेलं शंभर ठिकाणी बघितलं. त्यांतल्या नव्वद ठिकाणी नंबर ड्राइव्हच्या मागे चिकटवलेला असतो. चिकटपट्टीवर. काही ठिकाणी तर छापील. ते मला सांगतात, आम्ही कोणाला सांगत नाही. मी पुरावा मागतो, त्यांच्याकडे नसतो. असणार कुठून? एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नाही, याचा पुरावा कसा असेल? आज पहिल्यांदा मिळाला.

स्टोअरकीपर : कुठला?

तपासनीस : तुमच्या तीन चुका. ज्याला नंबर माहीत असतो तो लग्नाच्या तारखेपासून सुरुवात करत नाही. सात वर्षं एका घरात राहून, ड्राइव्ह हातात, कपाट उघडं, घरी दुसरं कोणी नाही, आणि माणूस अंदाज करतोय. कलम सातचा हेतू इतकाच आहे, की एकाचं दुसऱ्याला कळू नये. ते कळलेलं नाही. तारीखवार नोंद आहे.

मॅडम : हा पुरावा पुरेसा नाही.

स्टोअरकीपर : अगं…

मॅडम : नाही, जे आहे ते आहे. नंबर माहीत असलेला माणूससुद्धा मुद्दाम तीनदा चुकू शकतो. पुढे तपासणीत दाखवायला.

तपासनीस : बायको टेबलावर असताना, एका वर्षानंतरच्या तपासणीसाठी?

मॅडम : शक्यता म्हणून सांगितली.

तपासनीस : यांच्याबाबतीत तुम्हाला ती शक्यता वाटते?

मॅडम : नाही. यांना पेट्रोल संपेल हे पेट्रोल संपल्यावर कळतं.

तपासनीस : तेही लिहीत नाही. माझा शेरा ऐका. ‘कलम सात, शब्दशः पाळलेलं नाही. हेतू पाळला गेल्याचा यांत्रिक पुरावा उपलब्ध. रुग्ण पाठवणं थांबवण्याची शिफारस नाही.’ तीन अटी आहेत. एक, ड्राइव्ह आजपासून दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. कोण आहे?

मॅडम : चामडं कापणारे काका. एकटे राहतात. पुलापलीकडे, आमच्या उलट्या दिशेला.

तपासनीस : त्यांचं लग्न ठरलं तर आधी कळवायचं.

स्टोअरकीपर : ते एकसष्ट वर्षांचे आहेत साहेब.

तपासनीस : फॉर्मात वयाची अट नाही. दोन, नंबर आजच बदलायचा, नवं पाकीट करायचं. तीन, पाकीट मालकांच्या हातात देऊ नका, कपाटात तुम्ही स्वतः ठेवा आणि बाहेर मोठ्या अक्षरात लिहा की हे काय आहे. मॅडम, पुढच्या महिन्यात तुमची पुन्हा रजा दिसतेय.

मॅडम : अठरा तारखेपासून. गाठ पुन्हा आली आहे. या वेळी दुसरे डॉक्टर आहेत.

तपासनीस : मग तिसरी अट आज संध्याकाळच्या आत. इथे सही. स्टोअरकीपर, तुमची खाली. ‘ड्राइव्ह परत केल्याचं कारण’ असा रकाना आहे.

स्टोअरकीपर : काय लिहू?

तपासनीस : खरं ते.

मॅडम : ‘विवाह’ लिही.

स्टोअरकीपर : आणि तारीख?

मॅडम : आजची. जेव्हा लिहितो तीच तारीख घालायची असते.

तपासनीस : झालं. मी मालकांना भेटून निघतो. त्यांचा फोन आता संपेल असं वाटतं.

(तपासनीस फाइल उचलून बाहेर जातो. दार लागतं.)

स्टोअरकीपर : वाचलो.

मॅडम : हं.

स्टोअरकीपर : एकोणीसच्या एकोणीस. काकांना सांगून येऊ? त्यांना कपाट लागेल, कुलपाचं. स्टोअरमध्ये एक आहे, दाराची बिजागरी तेवढी…

मॅडम : खाली बस.

स्टोअरकीपर : बसलो.

मॅडम : तू मला म्हणालास, कुलूप अडकलं होतं.

स्टोअरकीपर : हो.

मॅडम : मी शुद्धीवर आले तेव्हा तू नव्हतास. बाकावर तुझी पिशवीसुद्धा नव्हती. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, तुमच्याबरोबर कोणी आलं होतं का? तू पाच वाजता आलास. मी विचारलं, तू म्हणालास, पावणेचारला शाल आणायला गेलो होतो, कपाटाचं कुलूप अडकलं.

स्टोअरकीपर : शाल तूच मागितली होतीस. आत नेताना. थंडी वाजेल नंतर म्हणालीस.

मॅडम : मागितली होती. घर ते हॉस्पिटल वीस मिनिटं. जाऊन येऊन चाळीस. ते मी धरलं होतं. उरलेली पस्तीस मिनिटं मी कुलपाच्या नावावर टाकली. मी गेलं वर्षभर त्या कुलपात तेल घालतेय.

स्टोअरकीपर : माहीत आहे.

मॅडम : दर महिन्याला.

स्टोअरकीपर : चांगलं चालतं आता.

मॅडम : ते आधीही चांगलंच चालत होतं.

स्टोअरकीपर : हो.

मॅडम : तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. नोंद झाली असती.

स्टोअरकीपर : टाके होते तुला. हसायचंसुद्धा नाही म्हणाले होते डॉक्टर. नंतर सांगणार होतो. नंतर ते शिळं झालं.

मॅडम : सरांसाठी दाबलंस? त्यांनी सांगितलं म्हणून?

स्टोअरकीपर : नाही.

मॅडम : मग?

स्टोअरकीपर : हसशील.

मॅडम : आता टाके नाहीत.

स्टोअरकीपर : सर म्हणाले ना, पण समजा. तोपर्यंत माझ्या डोक्यात ते नव्हतं. दोन तास बाकावर बसलो होतो, समोरच्या फरश्या मोजत होतो, एकशे चव्वेचाळीस होत्या, बरं चाललं होतं. मग त्यांनी ‘समजा’ म्हटलं आणि फोन ठेवला. घरी आलो. कपाट उघडलं. शाल ओढली, तर खाली ड्राइव्ह. म्हटलं, लग्नाच्या तारखेने हा उघडला तर तुला काही होणार नाही.

मॅडम : आणि उघडला नाही.

स्टोअरकीपर : लाल दिवा लागला. मग मला तसंच सोडून येववेना. असं कसं सोडून यायचं? म्हटलं, जन्मतारखेने उघडेल. पुन्हा लाल.

मॅडम : मग सहा मिनिटं.

स्टोअरकीपर : मग सहा मिनिटं पलंगावर बसलो. शाल मांडीवर. खुर्चीची तारीख आठवली. ती तरी नक्की असणार वाटलं.

मॅडम : नंबर कंपनीचा आहे. मी तो फाशांनी काढते. एका डबीत दहा चिठ्ठ्या आहेत, शून्य ते नऊ, आठ वेळा उचलते. कोणाचीच तारीख नसते. असायलाच नको.

स्टोअरकीपर : ते मला आता कळतंय.

मॅडम : फाशांनी म्हणाले मी. चिठ्ठ्यांनी.

स्टोअरकीपर : तू पहिल्यांदा चुकलीस.

मॅडम : मग थांबलास का?

स्टोअरकीपर : तिसरा लाल लागला तेव्हा भीती वाटली. दहा झाले की सगळं पुसतो. मी म्हटलं, आपणच एक एक करून हे जवळ आणतोय. ड्राइव्ह होता तिथे ठेवला. शाल घेतली, कुलूप लावलं. येताना सिग्नल लागले सगळे.

मॅडम : ते मी धरलेलं नाही.

स्टोअरकीपर : धरू नकोस.

मॅडम : सर बाहेर येतायत. त्यांना आत्ता मी काही बोलणार नाही. पाकीट करून झालं की बोलेन.

स्टोअरकीपर : मी बाहेर थांबतो. तुला नंबर काढायचाय.

मॅडम : ड्राइव्ह आता तुझ्याकडे नाही.

स्टोअरकीपर : तरी थांबतो.

मॅडम : थांब. अठरा तारखेला आठ वाजता आत घेणार आहेत. चार तास लागतील म्हणाले. जास्तही.

स्टोअरकीपर : मी रजा टाकली आहे. सरांचा फोन आला तर?

मॅडम : उचलू नकोस.

स्टोअरकीपर : आणि तुला घरचं काही लागलं? आत नेताना आठवलं काही, मागच्यासारखं?

मॅडम : मी काहीही मागितलं तरी आणायला जायचं नाही. थंडी वाजली तर वाजू दे. तू बाकावरून उठू नकोस.